यंदा चिमनी कुणी साफ केली नाही

१२ ऑक्टोबर १९८६, रविवार. पार्सिपनी
सकाळी गवतावर दव गोठलेलं. रुचाचं सुरू झालंच, "आई, कॅन वी हॅव अ फायर?"
दर ऑक्टोबरात श्री छपरावर चढून ब्रशनं चिमनी साफ करायचा, मी खाली शिडी धरायची. जूनमध्ये तो गेला. ऑफिसातल्या त्या बाईकडे, एडिसन गावात. अठरा वर्षांचा संसार, आणि नेल्या दोन बॅगा. ब्रश गराजमध्येच आहेत.
एक वर्ष नाही केली साफ तर काय बिघडतंय.

१८ ऑक्टोबर, शनि.

दुपारी फायरप्लेस पेटवली. दुकानातली लाकडं ओलसर, नुसता धूर. म्हणून वर खोक्यांचे पुठ्ठे टाकले. भडका उडाला आणि भिंतीच्या आत घोंघों आवाज, विमान उडावं तसा. रुचाला ओढत बाहेर आले तर चिमनीच्या तोंडातून ज्वाळा. समोरच्या रोझबाईंनी फायर ब्रिगेडला फोन केला. आली लगेच, विझवली. त्यांचा माणूस म्हणाला, आतली साठलेली काजळी पेटली, घर वाचलं हे नशीब.
रुचा नुसत्या मोज्यांवर लॉनवर उभी. सारखी ओरडत होती, "कॉल डॅड! कॉल डॅड!"
मी केला नाही.

१९ ऑक्टो.
रुचानंच त्याला फोन केला असणार. सकाळी दारात श्री. बारीक झालाय. फायरप्लेससमोर गुडघ्यांवर बसून टॉर्चनं आत वर बघितलं.
"मला का नाही बोलावलंस?"
"कुठल्या नात्यानं?"
उठून आत गेला. किचनमध्ये हात धुतले आणि टॉवेलसाठी डावीकडे हात नेला. तिथे आता टॉवेल नसतो, मी जागा बदललीय. सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पँटला हात पुसले त्यानं.
"शनिवारी येऊन साफ करून देतो."
म्हटलं, माणूस ठरवलाय. ठरवला नव्हता. तो गेल्यावर माणूस शोधायला यलो पेजेस काढली.

२७ ऑक्टो., सोम.
चिमनीवाला आला. आरसा धरून दाखवलं: आतलं मातीचं अस्तर उष्णतेनं तडकलंय. स्टीलचा पाइप आत सोडावा लागेल, तोवर काडीसुद्धा ओढायची नाही. ओलं लाकूड जाळलं की डांबरासारखा थर बसतो, तोच पेटतो. लाकूड वर्षभर वाळलेलं हवं, दर वर्षी सफाई हवी, राख झाकणाच्या पत्र्याच्या बादलीत, घराबाहेर.
जाताना सहज विचारलं त्यानं, "युअर हजबंड युजुअली डझ धिस?"
"येस," म्हटलं. डझ. डिड नाही म्हणवलं.
मग बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

८ नोव्हेंबर, शनि.
पाइप बसला. धूर जायची झडप कशी उघडायची ते माझ्याकडून करून घेतलं.
लाकडं शोधायला मागे गेले तर शेडमागे ताडपत्रीखाली पूर्ण थप्पी. श्रीनं गेल्या हिवाळ्यात फोडून, नीट रचून ठेवलेली. खणखणीत वाळलेली. या वर्षासाठी.
म्हणजे तेव्हा त्याला इथेच राहायचं होतं? की तेव्हाच ठरलं होतं, आणि आम्हाला थंडी वाजू नये म्हणून...
तिथेच बसून राहिले. रुचानं आतून हाक मारेपर्यंत.

२३ नोव्हें., रवि.
आज पेटवली. भीत भीत, लहानच. धूर सरळ वर गेला. रुचा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली. जूननंतर पहिल्यांदा. केस किती वाढलेत हिचे.
फोन वाजला. श्री.
"थँक्सगिव्हिंगला येऊ?"
"एकटा?"
"एकटाच. तिथून निघालो मी. मोटेलमध्ये आहे."
त्यानं अजून काही बोलावं म्हणून थांबले.  मग म्हटलं, कळवते.
रुचा उठून बसली होती. "वॉज दॅट डॅड? इज ही कमिंग?"
चिमट्यानं एक लाकूड उगाच सरकवलं.
"आई?"
अजून सांगितलेलं नाही. तिलाही नाही, त्यालाही नाही.