चावी आतच राहिली पाहिजे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ऑफिसात कोणी फार गोड बोललं की तुमच्यासारखाच माझाही चेहरा बदलतो. खापरखेड्याच्या वीज प्लांटच्या कॉलनीतली ती दुपार आठवते. तुम्ही ताटावर बसला आहात आणि खिशातून चावी निघते. दुरुस्तीला उतरण्याआधी प्रत्येकानं स्विचला आपलं कुलूप लावायचं अन् चावी स्वतःजवळ ठेवायची, म्हणजे आत माणूस असताना कोणी वीज सुरू करू शकत नाही, हा प्लांटचा नियम. त्या दिवशी कुलूप काढायचं विसरून तुम्ही तसेच घरी आलात. साहेबांचा माणूस चावी न्यायला दारात उभा. आई म्हणते, "देऊन द्या ना त्याले, जेवा तरी." तुम्ही हात धुऊन उठता. "आत कोणी असन तर? माहं कुलूप मीच काढीन." मला तेव्हा रागच आला होता. एवढा काय संशय!

आता मीही चावीचंच काम करते. वीज मीटरमधली चिप आम्ही बनवतो. वीज तोडा किंवा जोडा असा मीटरला आलेला हुकूम खरा की खोटा, हे ती आतल्या गुप्त चावीनं, म्हणजे एका लांबलचक आकड्यानं, ओळखते. ती चावी चिपमध्येच तयार होते, कोणालाच दिसत नाही, मलासुद्धा नाही. तपासणीसाठी चिपच्या आत शिरायची एक वाट असते. माल पाठवण्याआधी ती कायमची जाळून टाकायची. गेल्या आठवड्यात आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले. स्वतः चहा घेऊन! "या लॉटची वाट राहू द्या. उद्या मीटर बिघडला तर कामी येईल. आपल्यालाच तर माहीत आहे."

मी म्हटलं, "लिहून द्या." ते हसले. "मॅडम, काहून एवढा शक करून राहिल्या?" शक तर तिथंच पक्का झाला, बाबा. त्या वाटेनं चाव्या ज्याच्या हाती लागतील, तो बसल्या जागी वस्तीच्या वस्ती अंधारात टाकेल. तुमच्या शेवटच्या दिवसांत प्रताप नगरच्या घरी तुमचं ऑक्सिजनचं मशीन चालायचं, तेव्हा लाइट नुसती लुकलुकली तरी आईचा जीव अर्धा व्हायचा. मी नियमाप्रमाणे अख्ख्या लॉटची वाट जाळून टाकली.

तेव्हापासून मला घरी बसवलंय. चौकशी म्हणे. कशाची, ते सांगत नाहीत. ऑफिसातले खुशाली विचारायला फोन करतात अन् फिरून फिरून एकच विचारतात, कोणाला काही बोललात का. मी बरोबरच केलं. पण आईला सुट्टी घेतली म्हणून सांगितलंय. ती इतकी खूश आहे की रोज काहीतरी करून वाढते. आज बेसनाची पाटोडी केली आहे. मी ताटावर बसून घास नुसता चिवडतेय, बाबा.