दहा किलोच्या आत

२ फेब्रुवारी
सापडली! पलंगाखाली, ट्रंकांच्या मागे — माझी घडीची सायकल! गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात लागले त्या वर्षी, एकोणऐंशीत घेतलेली.

हर्षल लगेच भंगारवाल्याला फोन करायला निघाला. मी हँडल सोडेना. शेवटी म्हणाला, "आई, खाली ठेवलीस तर चोरीला जाईल. तिसऱ्या मजल्यावर रोज तुलाच उचलून आणावी लागेल. दहा किलोच्या आत बसव, मग खुशाल फिर. नाहीतर महिनाअखेर भंगारात." पोरगं माझंच — अटसुद्धा मापात घालतं!

सायकल कवेत घेऊन वजनकाट्यावर उभी राहिले. साडेसत्त्याहत्तर. वजा माझे दिवाळीत मोजलेले एकसष्ट. साडेसोळा. बघतेच आता!

५ फेब्रुवारी
कॅरियर, स्टँड, डायनॅमो, चेनकव्हर — सगळं उतरवलं! पल्लवी ऑफिसातून आली ती कपडेही न बदलता सासूच्या हाताखाली पाना धरून बसली. पंच्याहत्तर. वजा एकसष्ट. चौदा!

९ फेब्रुवारी
नखांत वंगण. काय सुख!

१४ फेब्रुवारी
लोखंडी रिमा गेल्या, ॲल्युमिनियमच्या आल्या. हलके टायर, अरुंद सीट. दुकानदार म्हणाला, "अम्माजी, इसमें बचेगा क्या? बस घंटी?" बचेगी हवा, म्हटलं! एकाहत्तर. वजा एकसष्ट — बरोब्बर दहा! काढलेल्या सामानाच्या मानानं दीड-दोन किलो जास्तच उतरलेत. असू देत. मिळतंय तर नाक कशाला मुरडा?

१८ फेब्रुवारी
रंग — लिंबासारखा पिवळा! उतावळी मी, वाळायच्या आधीच हात लावला. पल्लवी ओरडते, "आई, पोळी तशीच राहिली!" भूक कुणाला आहे इथे!

२३ फेब्रुवारी
साडेएकोणसत्तर. म्हणजे साडेआठ!! हर्षलसमोर उचलली. दुसऱ्या मजल्यावर थांबले, धाप लागली, डोळ्यांपुढे काजवे — पण पोहोचले! हरला बिचारा, तरी टाळ्या वाजवल्या.

मग थेट अरेरा कॉलनी! येताना उतारावर दोन्ही पाय वर. सदुसष्ट वर्षांची बाई! एका रिक्षावाल्यानं सलाम ठोकला. मीही ठोकला.

२५ फेब्रुवारी
पल्लवी म्हणाली, "आई, एकदा नुसत्याच उभ्या राहा ना काट्यावर."

साडेछप्पन्न.

तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. लोकांची मापं बेधडक परत पाठवली. आणि इथे महिनाभर दिवाळीचंच वजन वजा करत बसले. सायकल तेरा किलोंची आहे.

हर्षल अटीचं बोललाच नाही. नुसता शेजारी येऊन बसला. भीती वाटतेय.

उद्या डॉक्टर. पल्लवी म्हणाली, गाडीनं जाऊ. मी हो म्हटलं.