दोन नाकांचा नियम

२ नोव्हेंबर

परीक्षा घेणाऱ्या बाईंनी शेवटची बाटली माझ्या नाकाखाली धरली, मी डोळे मिटून सांगितलं की यात काहीच नाही, नुसतं पाणी आहे, आणि बाई हसल्या. माझं आयुष्य बदललं ते त्या क्षणी. कॉलेजात एक परीक्षा धड दिली नाही. दुसऱ्या वर्षी प्राध्यापकाच्या दिशेनं डस्टर भिरकावून जो बाहेर पडलो तो परत गेलोच नाही. पण वासाच्या परीक्षेत पैकीच्या पैकी! ताईला फोन केला तर म्हणते, लहानपणापासून दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसत आलास, त्याचा पगार आता सुरू झाला म्हणायचा.

काम असं. गावाबाहेर कारखाना व्हायचाय. भाजीबाजाराचा कचरा, खाणावळींचं उष्टं, गोठ्यांतलं शेण, सगळं बंद टाकीत कुजवायचं आणि त्याचा गॅस करायचा. त्यावर चुली पेटतील, गाड्या चालतील. पर्यावरणाची मंजुरी मिळायची तर गावाला वासाचा त्रास होणार नाही हे दाखवावं लागतं. यंत्रं आहेत, पण शेवटचा शब्द म्हणे माणसाच्या नाकाचा. एक छोटी टाकी चाचणीसाठी उन्हाळ्यापासून चालू आहे. तिच्या आसपास फिरून वास घ्यायचा आणि बाईंना सांगायचं. बाई अहवाल लिहिणार.

खोली लॉन्ड्रीच्या वर मिळाली. खाली मालकीणबाई दिवसभर इस्त्री फिरवतात, सगळं गाव त्यांना मावशी म्हणतं. जिन्यात गरम कापडाचा वास भरून असतो. खिडकीतून टाकीचा हिरवा घुमट दिसतो, एखाद्या मोठ्या बेडकानं गाल फुगवावा तसा. मला आवडलं सगळं.

कॉलेजातल्या माझ्या तिला हे सांगता आलं असतं तर. ती तिच्या मामाकडे, दूर. घरच्यांनी नेऊन ठेवलंय, फोनही बदललाय. असू दे. पहिला पगार झाला की पत्ता शोधून थेट दारात जाऊन उभा राहणार.

५ नोव्हेंबर

दुसरं नाक म्हणजे शिंक्या. उन्हात आला की ओळीनं शिंकतो, म्हणून हे नाव. शिंकणाऱ्याला वास घ्यायला ठेवलंय, म्हणजे लंगड्याला पोस्टमन केल्यासारखं, असं मी म्हटलं. तो म्हणाला, तुझ्यासारख्या भडक डोक्याच्या माणसाला शांत उभं राहायचा पगार मिळतोय, त्यापेक्षा बरं. गडी चांगला आहे. याच वर्षी त्याची आई गेली. तेव्हापासून घरी जात नाही, सुट्टीतही इथंच असतो.

कामाचे नियम कडक. सुगंधी साबण नाही, तेल नाही, तंबाखू नाही, कांदा-लसूण नाही. नाकानं कांदे सोलायलासुद्धा बंदी, असं बाई म्हणतात. ठरलेल्या जागी वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं, मास्क काढायचा, डोळे मिटून श्वास घ्यायचा. काय आलं ते चिठ्ठीवर लिहून एकमेकांशी न बोलता बाईंच्या हातात द्यायचं. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या खळग्यात नाक खुपसायचं. स्वतःचा वास घेतला की पाटी कोरी होते.

आणि सगळ्यात मोठा नियम दोन नाकांचा. दोघांनी एकच वास लिहिला तर तो वास. एकालाच आला तर तो नाकाचा भास, अहवालात जात नाही. वर्षानुवर्षं असंच चालतं म्हणे.

टाकीचा कुंपणाजवळही वास नाही. शेणाचासुद्धा नाही. बाई खूश.

९ नोव्हेंबर

ती इथं आहे!

सकाळी टाकीच्या मागच्या कट्ट्याजवळ मास्क काढला आणि वळून वळून तिला शोधायला लागलो. संत्र्याची साल. लायब्ररीत ती पुस्तकाआड लपून संत्रं सोलायची आणि सालं माझ्या खिशात कोंबायची. पण नुसतं संत्रं नाही. त्यामागं तिच्या निळ्या लोकरी स्वेटरचा वास, आणि त्याच्याही मागं मानेपाशी यायचा तो कोमट वास, ज्याला नाव नाही. असा वास दुसऱ्या कुणाचा नसतो. मी वासाचं खातो, मला नका शिकवू.

चिठ्ठीवर ‘संत्रं’ लिहिलं. शिंक्यानं लिहिलं ‘मलम’. बाईंनी दोन्ही चिठ्ठ्या बाजूला टाकल्या.

दिवसभर गाव पालथं घातलं. बाजार, शाळा, दवाखाना, बसस्टँड. निळा स्वेटर दिसला म्हणून एका बाईच्या मागं धावलो, तिनं पिशवी उगारली. मामाचं गाव हेच असेल तर? असेलच. मला कधी पत्ता कुठं कळू दिला?

आज झोप लागायची नाही, आणि नकोच.

१२ नोव्हेंबर

रोज त्याच कट्ट्याजवळ तोच वास. गावात कुठंच नाही. असं कसं?

कट्ट्यावर माणसं बसलेली असतात. आधी मला वाटलं, कारखान्याविरुद्ध धरणं धरलंय. बाईंनाही तीच धास्ती होती. पण ना फलक ना घोषणा. न्हावी दुकान उघडं टाकून येतो. शाळेतली शिपाईण येते. मावशी भर दुपारी इस्त्री बंद करून येतात. सगळे वाऱ्याकडे तोंड करून, डोळे मिटून बसतात. अगदी आमच्यासारखे. त्यांना कुणी शिकवलं?

शिंक्याही काम संपल्यावर तिथंच बसतो. चल म्हटलं तर ऐकू न आल्यासारखं करतो. उन्हात असूनही शिंकत नाही.

१४ नोव्हेंबर

मावशींना विचारलं. इस्त्री न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं, कुणी भाजीचा भाव सांगावा तसं.

त्यांचे यजमान ट्रक चालवायचे, घाटात गेले. कट्ट्यावर मावशींना डिझेलचा वास येतो, आणि त्यांच्या दाढीच्या साबणाचा. शिपाईणीला तिच्या लेकीचा येतो. ज्याचं माणूस त्याला वास, शेजारच्याला त्यातलं काही नाही. टाकी सुरू झाली तेव्हापासून असंय. जे जे नासलं ते तिच्यात जातं, मग काय काय उरून बाहेर येत असेल कुणी सांगावं, असं म्हणाल्या. मी हसलो. म्हटलं, मावशी, मग मला का येतो? माझं कुणी गेलेलं नाही. माझी ती मजेत आहे, मामाकडे.

मावशी म्हणाल्या की न्हाव्याचा मुलगा परदेशात आहे. न्हावी जीव तोडून त्याचा वास शोधतो, पण त्याला येतो तो त्याच्या वारलेल्या बापाचाच. जिवंत माणसाचा तिथं येत नाही रे बाळा.

मग माझ्याकडे बघतच राहिल्या. शर्ट जळला, तरी इस्त्री उचलली नाही.

मी ओरडलो. थेरडी म्हणालो, तोंडाला येईल ते बोललो. त्यांनी वर जेवणाचं ताट आणून ठेवलं. मी ते जिन्यावरून भिरकावलं.

१६ नोव्हेंबर

ताईला फोन करायचा नाही. केला की विचारावं लागेल. विचारलं नाही तोवर ती मामाकडे आहे.

आज नाक थकलं म्हणून कोपरात नाक खुपसलं. माझ्या हाताला माझा वास नव्हता. संत्र्याचा होता.

१८ नोव्हेंबर

फोन केला.

मी तिचं नाव घेतलं आणि ताई रडायलाच लागली. मागं दाजी काय झालं म्हणून विचारत होते ते मला ऐकू आलं. उन्हाळ्यात तिला ताप आला होता म्हणे. मामाच्या गावी दवाखाना लांब. चार-दोन दिवसांत सगळं आटोपलं. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला, दाजींना, समोरच्या दुकानदारालासुद्धा. तुझं डोकं भडक, जिवाचं बरंवाईट करशील, म्हणून नाही सांगितलं राजा, असं ताई परत परत म्हणत राहिली. नोकरीचंही तिनंच बघितलं होतं. गाव बदललं तर विसरशील, म्हणून.

उन्हाळ्यात. म्हणजे मी तिच्यावर रुसून बसलो होतो, साधा एक निरोप धाडत नाही म्हणून, तेव्हा ती नव्हतीच. मी एका नसलेल्या माणसावर रुसलो होतो.

फोन भिंतीवर आपटला. तुकडे झाले. बरं झालं.

१९ नोव्हेंबर

कट्ट्यावर बसलो. शिपाईणीनं सरकून जागा दिली.

ती आली. मानेपाशी. मी लहान पोरासारखा रडलो आणि कुणी वळूनही बघितलं नाही. इथं सगळे आपापल्या माणसापाशी असतात.

मावशींची माफी मागायची राहिली. त्या शेजारीच होत्या, पण तिथं बोलवत नाही.

२२ नोव्हेंबर

जनसुनावणी झाली. बाई सांगतात, अशा सुनावण्यांना दगड येतात, टोमॅटो येतात, एकदा मेलेली घूस आली होती. इथं अख्खं गाव आलं आणि एकही माणूस विरोधात उभा राहिला नाही. न्हावी उठला आणि हात जोडून म्हणाला, कारखाना करा, टाकी मोठी करा. एवढ्याशा टाकीनं पुरत नाही. काय पुरत नाही ते बोलला नाही. माणसं रडत होती. बाईंना वाटलं गॅस स्वस्त मिळणार म्हणून.

मी बघत होतो. गालफडं बसलेली सगळ्यांची. कपडे लोंबतायत. किती जण घरी जाऊन जेवत असतील? मावशींच्या लॉन्ड्रीत आठवडाभर इस्त्री तापलेली नाही. कपडे घेऊन जायलाही कुणी येत नाही.

शिंक्या सुनावणीला नव्हता.

२३ नोव्हेंबर

शिंक्या कट्ट्यावर होता. कालपासून असावा. वाऱ्याकडे तोंड, डोळे मिटलेले. मी खांद्याला धरून हलवलं तर सगळाच्या सगळा एकदम हलला, पाट हलवावा तसा.

डॉक्टर म्हणाले, उपाशी होता, त्यात थंडी. शेजारी बसलेल्यांना कळलंच नव्हतं. शव उचलून नेलं. त्या जागी दुसरं कुणीतरी येऊन बसलं.

चांगला गडी होता. आईपाशी गेला, असं मावशी म्हणाल्या. हेवा वाटल्यासारखं म्हणाल्या.

२४ नोव्हेंबर

बाईंनी बोलावलं. त्यांचेही डोळे सुजलेले. दुसरं नाक राहिलं नाही, नवं आणायला वेळ नाही, तेव्हा या वेळी नियम मोडून तुझ्या एकट्याच्या शब्दावर जाते, असं त्या म्हणाल्या. तुझं नाक मी पारखलंय. वास आहे म्हणालास तर मंजुरी थांबेल आणि चाचणीची टाकीसुद्धा त्याच दिवशी बंद करावी लागेल. खरं काय ते सांग. घाबरू नकोस.

मला ओरडून सांगायचं होतं. वास आहे बाई! माणसं मरतायत. बंद करा. मावशी मरतील. तोंडही उघडलं होतं.

बंद केली तर ती परत जाणार. आता कुठं आली होती.

वास नाही, असं मी म्हणालो. सही केली.

बाई कागद घेऊन राजधानीला गेल्या. जाताना म्हणाल्या की तुझ्या ताईचा फोन आला होता, तुझा लागत नाही म्हणून काळजीत आहे. परवा सकाळच्या गाडीनं तुला न्यायला येतेय, दुपारी पोचेल. मी आपणहून गेलो नसतो, हे तिला माहीत आहे.

२५ नोव्हेंबर

चहाला वास नाही. साबणाला नाही. मावशींच्या चुलीवर दूध करपलं, धूर डोळ्यांत गेला तेव्हा कळलं. फक्त ती येते.

मावशी कट्ट्यावरून आल्या नाहीत. आणायला गेलो. हाताला धरलं तर म्हणाल्या, थांब ना, आत्ताच आलेत. मीही बसलो. काय करणार.

लोक म्हणतात मंजुरी मिळेलच. मोठी टाकी याच्या कितीतरी पट. सगळ्या गावाला पुरेल.

मी काय केलं —

२६ नोव्हेंबर, दुपार

ताई यायची आहे. खोली आवरली. तिच्याबरोबर जायचं. ठरवलंय. तिला सगळं सांगेन, तिथून बाईंना फोन करेन, वास आहे म्हणेन. ताई शेजारी असली की जमेल.

खिडकी उघडी आहे. कट्टा भरलेला.

गाडी अजून —

आत्ता लवंगेचं तेल आलं.

ताई दातांच्या दवाखान्यात काम करते. कितीही धुतले तरी तिच्या बोटांना तो वास असतोच. आली! जिन्यात असेल —

जिन्यात कुणी नाही. हाक मारली. रस्त्यावर कुणी नाही.

खिडकी लावली. वास गेला.

खिडकी उघडली —

नाही. नाक थकलंय. भास आहे. एकाच नाकाला आला तर तो भास, नियमच आहे तसा. कोपरात नाक खुपसलं. पुन्हा श्वास घेतला. लवंग. आणि तिच्या केसांचा. वारा टाकीकडून आहे.

फोन नाही. कुणाला विचारू? स्टँडवर जाऊन बघतो. गाडीला उशीर झाला असेल, नुसता उशीर. नाहीतर कट्ट्यावर जाऊन नीट, जवळून — नको, तिथं बसलो तर मग —

वही खिशात घेतोय. बाहेर आलो. दार लावतोय. डावीकडे स्टँड, उजवीकडे —