एका जोडीची फाळणी

२६ जानेवारी १९७८, सकाळी ११

झेंडावंदन करून आलो. मी भाषणाला उठणार तेवढ्यात सरपंचांनी आभार मानले. पेपरात रोज तेच. जुना पक्ष पुन्हा फुटला, नव्यातही धुसफूस. देश कुठे चाललाय याची कुणाला फिकीर नाही.

ठरलं. ग्रंथ लिहायचा. नाव: 'राष्ट्रे: चढण आणि उतरण'. बारा प्रकरणं, दिवाळीच्या आत. अधिकार म्हणाल तर चोवीस वर्षं मिलिटरीत काढली, हवालदार होऊन रिटायर झालो. एकाहत्तर साली एका देशाचे दोन झाले ते मी जवळून बघितलं. म्हणजे डेपोतून. बूट आणि ब्लँकेटं वाटत होतो.

रोज सकाळी आठ ते बारा माडीवर लेखन. या वेळात कुणी हाक मारायची नाही, अशी बायकोला, साळूबाईला, ऑर्डर दिली. ती लगेच 'बरं' म्हणाली. शिस्त घरापासून सुरू होते.

२ फेब्रुवारी

कडेगावहून दोन दस्ते कागद आणि शाई आणली. समास आखले. हात दुखला.

१४ मार्च

मुख्य सिद्धांत सापडला! राष्ट्रं शत्रूमुळे बुडत नाहीत. आतल्या माणसांच्या क्षुल्लक मानापमानामुळे बुडतात. शेतात जाऊन धाकट्या भावाला, केरबाला, समजावून सांगितला. तो पाखऱ्या आणि हरण्याला पाणी दाखवत होता. म्हणाला, "व्हय आण्णा. जरा बाजूला सरा, हरण्या लाथ मारतोय." अडाणी माणसाला सिद्धांत पचायला वेळ लागतो.

आमची एकच बैलजोडी. मी नोकरीत असताना केरबानेच वाढवली. पैसे मी पाठवायचो.

६ मे

एक प्रश्न उपस्थित झाला आहे. मीच केला.

आषाढात बेंदूर, बैलांचा सण. गावच्या वेशीत पिंपळपानांची कर, म्हणजे तोरणासारखा आडवा दोर, बांधतात. पहिला मान आमच्या घराण्याचा. आमची जोडी पुढे जाऊन कर तोडते, मग गावचे बाकीचे बैल. जोडीचा कासरा घरातल्या थोरल्याने धरायचा, हा रिवाज. वडील गेल्यापासून मी नोकरीवर, म्हणून केरबा धरत होता. तात्पुरती व्यवस्था. गेल्या साली मी नुकताच आलो होतो म्हणून बोललो नाही. यंदा मी धरणार.

केरबा म्हणाला, "धरा की. पर बैलांस्नी तुमची सवं न्हाई. आदी चार दिस वैरण घाला, हात फिरवा." मला अट घालतो! वैरण घालणं हे हवालदाराचं काम नव्हे. ग्रंथकाराचं तर नव्हेच.

९ मे

वाद वाढू नये म्हणून बेंदराची नऊ कलमी नियमावली तयार केली. कलम एक: कासरा थोरल्याकडे. कलम दोन ते नऊ: कलम एक कुणी मोडू नये. जेवणानंतर केरबाला वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकली आणि म्हणाला, "आण्णा, ह्ये बैलांस्नी वाचून दावा." त्याची बायको बनुबाई पदराआड हसली. साळूबाई पदर न घेता हसली.

१ जून

वाटणी केली. इलाज नव्हता. ऐक्य टिकवायचं तर कधी कधी वेगळं व्हावं लागतं, हे पाचव्या प्रकरणात येईल.

अंगणात चुन्याच्या फक्कीने रेघ मारली. चूल वेगळी. जमीन निम्मी निम्मी. बैल एक एक. पाखऱ्या मला, हरण्या त्याला. म्हातारा कोंडीबा पंच होता. म्हणाला, "हवालदार, एका बैलाचं काय करशीला? एका चपलंनं कुणी बाजार केलाय व्हय?" पंचाने मत देऊ नये एवढंही गावाला कळत नाही.

केरबाने पाखऱ्याचं दावं सोडून माझ्या हातात दिलं आणि त्याच्या मानेवर थोडा वेळ हात ठेवून उभा राहिला. मला जरा कसंतरी झालं. पण फाळणीच्या वेळी नेत्याने कठोर राहायचं असतं.

कोंबड्या रेघ मानत नाहीत.

१२ जून

वाटणीचे फायदे दिसू लागले. साळूबाईच्या हाताला एकदम चव आली. कालची आमटी तर थेट बनुबाईसारखी. स्पर्धेमुळे गुणवत्ता वाढते, टीप घेतली. गंमत म्हणजे आमच्या चुलीचा धूरही होत नाही. सरपणाची बचत.

२० जून, मंगळवार

आज कर्नाटकी बेंदूर. जतकडची मंडळी ज्येष्ठातच करतात. आमच्या गावात तो कुणी करत नाही. पण विचार केला, गावाच्या महिनाभर आधी मी बेंदूर केला तर पहिला मान आपोआप माझा. केरबाला पत्ताही लागणार नाही.

स्वतः पिंपळावर चढलो. अर्ध्यावरून उतरलो. खालच्या फांदीच्या पानांची कर वळून आपल्याच दारात बांधली. पाखऱ्याची शिंगं रंगवली. हलगीवाल्याला सांगितलं होतं, तो म्हणाला महिन्यानं येतो.

पाखऱ्याला करीखाली नेलं. तो थांबला. मान वर केली आणि कर खाल्ली.

तोडली काय, खाल्ली काय, कर राहिली नाही हे महत्त्वाचं. पहिला मान माझा झाला. साक्षीदार: साळूबाई. तिने सही करायला नकार दिला.

२९ जून

पाऊस बरा झाला. सगळं गाव पेरायला लागलं. पेरणीच्या कुरीला दोन बैल लागतात, ही अडचण आधी ध्यानात आली नव्हती. शेजारच्या दादासोचा बैल एक दिवस मागितला. पाखऱ्याने त्याला शिंग मारलं. दादासो म्हणाला, "तुमचा बैल तुमच्यावानीच हाय, हवालदार." स्वाभिमानी, असं त्याला म्हणायचं असावं.

साळूबाई दोन दिवस मागे लागली आहे. "आवं, पेरणीचा वापसा जाईल. भावजींस्नी येक शबुद टाका." मी म्हणालो, शब्द त्याने टाकायचा. ती म्हणाली, "मग वरीसभर गिरंथ खायाचा व्हय?" बायकांना दूरदृष्टी नसते. रान एक साल पडीक ठेवण्याचा प्लॅन केला आहे. पडीक रानाला जोर येतो.

खरं म्हणजे धास्ती वाटते. भुईमुगाचं बी घरात तसंच पडून आहे. पण आता मागे फिरलो तर 'नेत्याने माघार घेऊ नये' या नवव्या प्रकरणाचं काय?

६ जुलै

सकाळी आठ ते बारा लेखन चालू. प्रस्तावनेचा तिसरा खर्डा. पाखऱ्या दुपारी फार दमलेला दिसतो. खांद्यावर घाम, खुरांना ओला चिखल. दिवसभर गोठ्यात उभा राहून हे हाल! हरण्याचा विरह. फाळणीचा मुक्या प्राण्यांवर परिणाम, स्वतंत्र प्रकरण करावं लागेल. वाचताना लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल.

१४ जुलै

ऱ्हासाचं प्रत्यक्ष वर्णन करण्यासाठी माझं पडीक रान बघायला गेलो. वही बरोबर नेली. रानात भुईमूग उगवून आलाय! सरळ ओळी, एका मापाच्या.

साळूबाईला विचारलं. म्हणाली, "उगवलंय न्हवं? मग झालं." तिने परस्पर कुणाची तरी जोडी सांगितली असणार. बायकोच्या हाती थोडा कारभार सोपवला की राज्य चालतं. मूळ धोरण माझंच. वही कोरी परत आणली.

१८ जुलै

मुंबईत सरकार पडलं. फूट! मी मार्चमध्येच सिद्धांत मांडला होता. तेव्हा केरबाने बाजूला सरायला सांगितलं.

२० जुलै, गुरुवार, बेंदूर

कसं लिहावं कळत नाही. झालं तसं लिहितो.

सकाळी गोठ्यात पाखऱ्या नव्हता. केरबाच्या दारात हरण्याशेजारी उभा. दोघांची शिंगं एका रंगात, अंगावर वडिलांच्या वेळच्या झुली, शिंगांना कडबोळी. साळूबाई आणि बनुबाई एकाच ताटातून त्यांना पोळी भरवत होत्या. अंगणातली रेघ शोधली. पावसाने कधीच धुऊन गेली होती.

मी म्हणालो, माझा बैल परस्पर आणलाच कसा? कोंडीबा कट्ट्यावर होता. त्याने सगळ्या गावादेखत सांगितलं, "आता गा हवालदार! तुमी माडीवर लिवाय बसला की पाखऱ्या रोज केरबाच्या कुरीला हुता की. आदी तुमचं रान प्येरलं, मग त्याचं. समद्या गावाला ठावं हाय." आणि बनुबाई हळूच म्हणाली, "चूल बी येकच हाय, भावजी. पैल्या दिसापास्नं."

म्हणजे आमटी खरोखरच तिची होती.

केरबाने जोडी वेशीपर्यंत आणली आणि कासरे माझ्या हातात दिले. "धरा आण्णा. मान थोरल्याचा." एवढंच. मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

मी कासरे धरले. हलगी वाजली. बैल हलेनात. मी परेडची ऑर्डर दिली. हरण्याने माझ्याकडे बघितलं आणि शेण टाकलं. लोक हसले. मग केरबा रिकाम्या हाताने करीच्या पलीकडे जाऊन उभा राहिला आणि तोंडाने नुसतं च्यक केलं. जोडी सुटली ती एका दमात. कर तुटली.

कासरे माझ्या हातात होते. बैल केरबाच्या मागे गेले, मी बैलांच्या मागे. टोपी वेशीतच राहिली.

संध्याकाळी सगळे एका पंगतीला बसलो. केरबाने कुचेष्टा न करता विचारलं, "गिरंथ कुठवर आला, आण्णा?" समास आखून झालेत म्हणालो. वाईट वाटलं. त्याने माझं रान आधी पेरलं, हे राहून राहून आठवतंय.

भुईमुगाला उद्यापासून कोळपणी. पाखऱ्याला न्यायची केरबाला परवानगी दिली. त्याने मागितली नव्हती.