बाबांचा जबाब

४ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

बाबांचं पोट बिघडलं, अंगातलं पाणी गेलं, त्यात गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या चालूच होत्या. बघता बघता मूत्रपिंडं बंद पडली. आता डायलिसिसवर आहेत. डॉक्टर म्हणतात, यावर औषध नाही, वाट बघा. ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या प्रयोगशाळेत याच दुखण्याचे उंदीर खडखडीत बरे होतात, असं तू दर भेटीत ऐकवतेस. मग ते औषध गेलं कुठं? पाठव, नाहीतर पुन्हा उंदरांचं कौतुक सांगू नकोस. वेळेवर जेवत जा.

तुझा,
दादा

९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझा राग खरा आहे, पण माझा त्याहून मोठा आहे. आमचे उंदीर तरुण, धडधाकट, आणि औषध मिळतं ते मूत्रपिंडाला इजा करण्याच्या आदल्या दिवशी. माणूस असा आधी येतो का रे? मी हट्टाने म्हातारे उंदीर घेतले, इजेनंतर औषध दिलं. एकही सुधारला नाही. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, हे कशाला छापायचं? मी अजून भांडतेय.

नेमकं काय बिघडतं ते आजारी माणसाकडूनच कळेल. तुमच्या रुग्णालयात तसा अभ्यास चालू आहे. सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढतात, रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. तिथले डॉक्टर बाबांना विचारतील. मी आग्रह करणार नाही, त्यांचं त्यांना ठरवू दे. रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी

१४ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

डॉक्टर विचारायला आले, तर तुझ्या दादाने त्यांना दारातूनच परत लावलं. म्हणाला, आमचे बाबा काही उंदीर नाहीत. नर्स गालातल्या गालात हसली. मला हसू आलं नाही. मूत्रपिंडं बंद पडलीत माझी, कान नाहीत.

तुझं पत्र मागून घेऊन वाचलं आणि डॉक्टरांना परत बोलावलं. त्यांनी स्पष्ट सांगितलं, यातून औषध निघालं तरी तुमच्या उपयोगी पडायचं नाही, धोका मात्र तुमचा. मी सही केली. उद्या सकाळी सुई आहे. दादा रागावलाय, पण उशी नीट करून देतो.

कोर्टात लघुलेखक म्हणून जन्मभर दुसऱ्यांचे जबाब टिपले. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा कुणी मला काही विचारलं, तर उत्तर द्यायला दादा पुढे. तुझ्या साहेबांना माझा निरोप सांग. त्या म्हाताऱ्या उंदरांचं जे झालं तेही छापा. तो त्यांचा जबाब आहे, त्यांच्या वतीने दुसऱ्या कुणी उत्तर द्यायचं नाही.

तुझे,
बाबा