गंजकी झिनिया आणि बाकी मालमत्ता

मी, खाली सही करणारा, वय वर्षं बहात्तर, धंदा केस कापणं आणि दाढी करणं, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दमदाटीला किंवा गोड बोलण्याला बळी न पडता करीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर दिला आहे. शरीराबद्दल त्यांनी दाखला दिलेला नाही. किती दिवस आहेत असं विचारलं तर "बघू" म्हणाले. टक्कल पडत चाललेल्या गिऱ्हाइकाला मीही आयुष्यभर "बघू" असंच म्हणत आलो, तेव्हा समजायचं ते मी समजलो.

यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. वकीलबाई समोर बसून लिहून घेत आहेत. त्यांच्या वडिलांची दाढी मी वर्षानुवर्षं केली, म्हणून त्या माझी मधली बडबड सहन करतात. "काका, हे कायद्यात बसत नाही," असं त्या म्हणाल्या की मी म्हणतो, "बसवा."

कलम १. राहतं घर. एका छपराखाली दोन घरं आहेत, मधे एक भिंत. भिंतीच्या अलीकडचं माझं, पलीकडचं माझ्या धाकट्या भावाचं. माझ्याकडच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढच्या अंगणातला माझा भाग मी माझ्या पुतणीला, म्हणजे या धाकट्याच्या मुलीला देत आहे. ती लग्न होऊन लांबच्या शहरात असते. ती आणि माझी मुलगी दोन्ही घरांत मिळून वाढल्या, दोघींना भिंत आहे हे ठाऊकच नव्हतं. पुतणीसाठी सूचना: मागचं दार फुगलं आहे, ते आधी वर उचलायचं आणि मग लोटायचं. नुसतं ढकललंस तर जास्त अडकेल आणि तू मला शिव्या देशील. अंगणात फरशी घालायची नाही. तुझा नवरा गाडी लावायला जागा मागेल, त्याला सांग, गल्लीत लाव म्हणावं.

कलम २. दुकान. दुकानातल्या दोन्ही खुर्च्या, आरसे, मशिनं, वस्तरे आणि दारावरची पाटी माझ्या कारागिराला मिळावी. त्याला सगळे दाढीवाला म्हणतात, कारण दिवसभर दुसऱ्यांच्या दाढ्या करून स्वतःची मात्र छातीपर्यंत ठेवतो. गिऱ्हाइकं त्यावरून माझी थट्टा करतात. ती चालू राहावी. उजवीकडच्या खुर्चीचा पाय जरा आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे, झाडताना ती काढू नये. अट एकच. मयताच्या घरून बोलावणं आलं की नाही म्हणायचं नाही. शेवटची दाढी नीट झालेली असली की घरच्यांना चेहऱ्याकडे बघवतं. हे मला माझ्या धंद्याने शिकवलं.

कलम ३. झिनियाचा वाफा. वकीलबाई म्हणाल्या की वाफा घरातच आला, वेगळं कलम कशाला. मला वेगळं हवं आहे.

वाफा माझ्या मुलीने केला. कागदोपत्री तिचं नाव दुसरं होतं, घरात ती ठिणगी. शाळेत असताना तिने बाजारातून मिसळ रंगांचं एक पाकीट आणून अंगणात ओतलं आणि आम्हाला सगळ्यांना वेठीला धरलं. पाणी सकाळीच घालायचं, तेही बुडाशी, पानांवर पडलं की भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. शेंडा खुडायला माझा हात व्हायचा नाही. चांगलं वर चाललेलं रोप, त्याचं डोकं कसं उडवायचं? ती हसून लोळायची. "बाबा, दिवसभर लोकांची डोकी भादरता आणि इथे घाम फुटतो होय तुम्हाला?"

एका वर्षी लाल-गुलाबी घोळक्यात एक भलतंच फूल आलं. आत विटकरी, कडेला फिकट पोपटी, आणि दोन्हींच्या मधे जो रंग होता त्याला नाव सापडेना. बायको म्हणाली, रोग पडलाय, उपटून टाक. ठिणगी म्हणाली, "रोग नाही गं, गंजलेल्या ब्लेडचा रंग आहे हा. बाबांच्या दुकानातला." तेव्हापासून ती गंजकी.

झिनियाचा रंग एकदा आला म्हणून पुन्हा येईलच असं नाही. मधमाश्या इकडचं तिकडे करतात. तो धरून ठेवायचा तर सगळ्यात चांगली फुलं तोडायचीच नाहीत, झाडावरच पार वाळू द्यायची आणि त्यांचंच बी पेरायचं. गालावरचे बारीक केस काढायला आम्ही जो पांढरा दोरा वापरतो, तो ती दुकानातून न्यायची आणि राखलेल्या फुलांच्या देठाला बांधायची. येणारेजाणारे म्हणायचे, वाळकी फुलं काढून टाका की, वाईट दिसतात. ती म्हणायची, "ती पुढच्या वर्षीची आहेत." असं तिने कितीतरी वर्षं केलं. दुसऱ्या रंगावर गेलेलं रोप दिसलं की उपटायचं, गंजक्याला दोरा बांधायचा. शेवटच्या वर्षी नळाकडचा अख्खा कोपरा गंजका झाला होता. घरात होतं नव्हतं ते सगळं बी तिने तेव्हा पेरून टाकलं होतं.

त्याच वर्षी, वाफा ऐन भरात असताना, ठिणगी तापाने गेली. आठवडाभरात. बावीस वर्षांची होती. वकीलबाई, पुढे चला.

कलम ४. राग. मालमत्तेत हाही येतो, माझ्याकडे बराच आहे.

पलीकडच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला मी माफ केलेलं नाही. एकोणीस वर्षं तो माझ्या भावाचे केस कापतो आणि एकोणीस वर्षं त्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा वर असतो. भाऊ नळाची कामं करतो, दिवसभर गावभर हिंडतो, आणि ते कल्ले सगळ्यांना दिसतात. लोकांना वाटतं मीच कापले. माझी अब्रू गेली.

भाऊ त्याच्याकडे का जातो, ते सांगतो. ठिणगीला न्यायच्या दिवशी मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसलो होतो. बायको शुद्धीवर नव्हती. बाहेरचं सगळं धाकट्याने पाहिलं. कोणी फुलं आणायला बाजारात निघालं, तर म्हणाला, तिची स्वतःची एवढी आहेत, बाजारातली कशाला? माझ्या दुकानातली लांब कात्री घेऊन त्याने सगळा वाफा कापला. देठ लांब हवेत म्हणून अगदी जमिनीलगत कापला. अर्ध्यावर कापली असती तर झिनिया पुन्हा फुटते, उलट जोमाने फुटते. बुडापासून कापली की संपलं. पण नळवाल्याला हे कुठून माहीत असणार? दोरा बांधलेलीही कापली. लोक म्हणाले, काकाने फार चांगलं केलं, पोर फुलांत गेली.

मी तीन दिवसांनी अंगणात आलो, तर वाफ्यात नुसती खुंटं. मी त्याला हाक मारली आणि विचारलं, "तुला दोरा दिसला नाही?"

तो म्हणाला, "दिसला ना. म्हणून तर ती तिच्या हातात दिली, दादा. वाटलं, तिची खास आहेत."

शिवी द्यावी तर त्याने वाईट केलेलं नव्हतं. बरं म्हणावं तर मुलगी गेली आणि तिच्या हातचं जे राहिलं असतं तेही गेलं. मी आत आलो आणि दार लावलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. एका नळावर पाणी भरलं, अंगणाच्या एकाच फाटकातून बाहेर पडलो, पण बोललो नाही. नळ गळायला लागला की मी दुकानात असताना तो येऊन वायसर बदलून जायचा. मला कळायचं, मी कळल्याचं दाखवायचो नाही. माझी बायको होती तोवर म्हणायची, "भावजींशी बोला हो. आत्ता नाही बोलणार, तर काय मेल्यावर बोलणार?" चार वर्षांपूर्वी तीही गेली. तो दिवसभर माझ्या दारात उभा होता, आत आला नाही. मीही ये म्हणालो नाही.

कलम ५. गंजकी. मी दरवर्षी बाजारातली पाकिटं आणून वाफा पेरत आलो. शेंडे खुडायलाही शिकलो. लाल आली, पिवळी आली, पांढरी आली. त्यातल्या त्यात विटकरी दिसली तिला दोरा बांधला, पुढच्या वर्षी ती गुलाबी होऊन उगवली. या वर्षी नळाकडच्या कोपऱ्यात एक रोप आलं आहे. तिच्याच एखाद्या सांडलेल्या बियाची पिढ्यान्‌पिढ्या मातीत चालत आलेली वंशवेल आहे की पाकिटातला योगायोग, हे मला सांगता येत नाही. रंग तोच आहे. मी भर सकाळी वाफ्यापाशी बसून रडलो, शेजारणीने विचारलं तर डोळ्यांत कचरा गेला म्हणालो. तीन फुलांना दोरा बांधला आहे. ती वाळायला अजून बराच वेळ आहे. मला एवढा वेळ आहे असं डॉक्टरांच्या "बघू"वरून दिसत नाही.

ही तीन फुलं, त्यांचं बी आणि पुढची सगळी झिनिया पुतणीला मिळावी. ठिणगीबरोबर तिनेही मातीत हात घातले आहेत, तिला सांगावं लागणार नाही.

कलम ६. वरचं कलम लिहून झालं, मी खूश झालो, तेवढ्यात वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, मृत्युपत्र नंतर उघडतात. सगळं उरकल्यावर. तुम्हाला नेतील त्या दिवशी हे कोणी वाचणार नाही."

बरोबर आहे. मी गेल्यावर पुतणी निघून पोचेपर्यंत दिवस मावळेल. दाढीवाला माझी दाढी करत असेल. आणि अंगणात पुन्हा तोच उभा राहील, ज्याला दुसरं काही सुचत नाही, ज्याला आपल्या माणसाला उघडंबोडकं पाठवणं सहन होत नाही. तो कात्री घेईल. दोरा दिसला तर म्हणेल, दादाची खास आहेत, आणि माझ्या हातात देईल.

म्हणून माझी इच्छा अशी की हे मृत्युपत्र सही करण्याआधी साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचावं. दुसरा साक्षीदार म्हणून माझ्या भावाला बोलवावं. वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. ठीक आहे. त्याला मी काहीच देत नाही.

धाकट्या, आता तू इथे आहेस आणि बाई हे वाचत आहेत. तू दारातच उभा असशील. आत ये, बस. दाराशेजारच्या खुर्चीवर बाईंची पुस्तकं आहेत, ती खाली ठेव. तू त्या दिवशी वाईट केलं नाहीस, हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तिच्या हातात ती फुलं होती हे मला बरं वाटायचं, आणि त्याचाच रागही यायचा. दोन्ही एकदम कसं बोलायचं ते मला जमलं नाही. आजही जमत नाही, म्हणून बाईंच्या तोंडून बोलतो आहे. माझ्या दिवशी वाफा कापायचा असला तर काप. अर्ध्यावर काप. दोऱ्याची तीन तेवढी झाडावर राहू दे. ती तपकिरी होतील, लोक म्हणतील काढून टाक. कोणाचं ऐकू नकोस. आणि दाढीवाल्यालाही बोलावलं आहे, आज तरी त्याच्याकडून कल्ले सारखे करून घे, मी खुर्चीत बसून सांगतो कसे ते.

हे सर्व मला वाचून दाखवलं, समजलं, मान्य आहे.

स्थळ: राहत्या घराची पुढची खोली. दिनांक: चालू महिन्याची चौदा, दुकानाच्या सुट्टीचा वार.

सही: मृत्युपत्र करणारा (अक्षर वाकडं आलं, सही माझीच आहे)

साक्षीदार पहिला: डॉक्टर. यांनी आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली.

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाऱ्याचा धाकटा भाऊ, नळकाम करणारा. सहीखाली साक्षीदाराने स्वतःच्या हाताने जे लिहिलं ते नियमात बसत नाही, परंतु मृत्युपत्र करणाऱ्याच्या सांगण्यावरून खोडलेलं नाही:

सगळं ऐकलं. दोऱ्याची कापणार नाही. बाकीचीसुद्धा एवढ्यात कापायला लावू नकोस, दादा.