आठवी मात्रा

भिसेगाव, कर्जत
१२ जानेवारी २०२५

चि. सानवीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले गाणे मिळाले. माझा मिहीर जाऊन आठ महिने झाले. गाणे लावायला मला नऊ दिवस लागले. तुम्हा भावंडांच्या मेटल बँडचे हे शेवटचे गाणे प्रसिद्ध करावे की नाही, हे तू माझ्यावर सोपवलेस, म्हणून चार वेळा ऐकले.

गिटारींचा गडगडाट परदेशी वळणाचा, मधली ढोलकी कोंडाणे लेण्यांकडच्या ठाकर आदिवासींची, आणि शेवटी मिहीर घशातून गुरगुरतो तो आपल्या भजनाचा गजर. ही तिन्ही एकत्र नांदतात, हे मला मान्य करावे लागले. परंतु गजराच्या प्रत्येक आवर्तनात आठवी मात्रा रिकामी आहे. एकदा नव्हे, बत्तीस वेळा. तीस वर्षे पखवाज वाजवणाऱ्याच्या मुलाच्या नावावर ही चूक राहू नये. ड्रम तुझे आहेत. ती मात्रा भरून घे. तोवर माझी संमती नाही.

थंडीत स्वेटरशिवाय तालमीला जाऊ नकोस. काकाचा राग धरू नये.

तुझा,
मधूकाका


खालापूर
१७ जानेवारी

ती. मधूकाकांस सा. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून आई म्हणाली, की भावजींनी गाण्यालाही लाल शाई लावली गं!

काका, ती मात्रा मला भरता येणार नाही. ती सोडायला मला तीन महिने लागले. सवयीने हात पडला, की मिहीरदादा माझ्या काठ्याच काढून घ्यायचा.

गुरुवारच्या भजनात त्या मात्रेला तुम्ही हात उचलायचात, आणि अनसूयाकाकूंची झांज एकटी वाजायची. काकू जाऊन सहा वर्षे झाली. तुमचा हात अजून तिथे उचलला जातो. गाण्यातली रिकामी मात्रा तीच. दादाने भजनी मंडळाचे रेकॉर्डिंग लावून मला दाखवले होते. तुम्हाला सांगू नकोस, असेही बजावले होते. कळले तर तुम्ही ती जागा भरून टाकाल, अशी त्याला भीती होती. आज मी त्याचा शब्द मोडला.

लेकीवर माया असू द्यावी.

तुमची,
सानवी


भिसेगाव
२४ जानेवारी

चि. सानवीस आशीर्वाद.

काल गुरुवार. भजनाआधी मी टाळकरी धोंडीला विचारले. तो खाली बघत म्हणाला, की वयनी गेल्यापासनं आमी समदेच तिथं थांबतो, पण तुमाला सांगायचं कसं?

गाणे आहे तसेच निघू दे. चूक माझ्या ऐकण्यात होती. मिहीरलाही मी तोंडावर सांगितले होते, की तुला आठपर्यंत मोजता येत नाही. तो फक्त हसला होता.

गजर सुरू झाल्यावर त्याच्यासाठीही एक मात्रा सोडावी, असे मी ठरवले होते. पण हात थांबेना. आठवीवरही नाही, कुठेच नाही. मंडळी एकेक करून थांबली, टाळ खाली ठेवले गेले, आणि मी एकटाच वाजवत राहिलो. शेवटी धोंडीने येऊन माझे मनगट धरले.

जमेल तेव्हा घरी येत जा.

तुझा,
मधूकाका